गॅस नसताना मीटर वाजवायचा कसा?

कारखान्यातल्या मॉक ड्रिलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इथं गॅस लीक झाला आहे असं समजा." समजायला कोणाची हरकत नसते. सायरन वाजतो, माणसं ठरलेल्या जागी गोळा होतात, दोन जवान पाठीवर बीए सेट (श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मुखवटा) चढवून आणि हातात गॅस डिटेक्टर घेऊन 'गळती'कडे निघतात. डिटेक्टरच्या पडद्यावर ऑक्सिजन २०.९ आणि बाकी तिन्ही ठिकाणी शून्य. मीटर खरं तेच सांगतो आहे, कारण हवा स्वच्छच आहे. पुढच्या ड्रिलला पुन्हा तेच शून्य, त्याच्या पुढच्यालाही तेच. असं करता करता त्या जवानाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसते: मीटर हातात धरायचा असतो, वाचायचा नसतो.

मला हे फार धोक्याचं वाटतं. बीए सेट घालता येणं, व्हॉल्व्ह बंद करता येणं, जखमीला उचलून आणता येणं या सगळ्याचा सराव होतो. पण "रीडिंग इतकं आलं, आता पुढं जायचं की मागं फिरायचं" हा निर्णय बहुतेक माणसं आयुष्यात पहिल्यांदा घेतात ती खऱ्या गळतीत. म्हणून सरावात आकडे बदलताना दिसले पाहिजेत. ते बदलायचे तर दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. आकडा इतका खऱ्यासारखा वागला पाहिजे की माणसाने त्यावरून निर्णय घ्यावा. आणि तो खोटा आहे हे सगळ्यांना इतकं ठाऊक असलं पाहिजे की खऱ्या प्रसंगी तो मीटर चुकूनही कोणाच्या हाती जाऊ नये.

नागपुरात हा विषय परका नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं. नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालयही १९५७ साली इथंच सुरू झालं. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरात, वेकोलि या कोळसा कंपनीचंही इथंच. बुटीबोरी आणि हिंगण्याची एमआयडीसी आहे, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं आहेत, शीतगृहांत अमोनिया आहे, पाणी शुद्ध करायला क्लोरीन आहे, आणि शहराभोवतीच्या महामार्गांवरून चोवीस तास टँकर धावतात. घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे मोठ्या साठ्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यावीच लागते. म्हणजे ड्रिल होतातच. प्रश्न फक्त त्यात मीटर काय दाखवतो एवढाच.

आधी मीटरवरचे आकडे समजून घेऊ. सगळीकडे वापरला जातो तो फोर-गॅस मीटर: ऑक्सिजन, पेटणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. ऑक्सिजन टक्क्यांत असतो. १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर गेला की अलार्म वाजतो. शेवटचे दोन पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. गोंधळ होतो तो पेटणाऱ्या वायूच्या आकड्यात. तिथंही टक्के लिहिलेले असतात, पण ते हवेचे टक्के नव्हेत, एलईएलचे, म्हणजे वायू पेटू शकेल अशा किमान पातळीचे. मिथेन हवेत ५ टक्के झाला की ठिणगी मिळाल्यावर पेट घेऊ शकतो. ही ५ टक्क्यांची पातळी म्हणजे १०० टक्के एलईएल. तेव्हा मीटरवर १० दिसले तर हवेत मिथेन आहे अर्धा टक्का, म्हणजेच ५,००० पीपीएम. कोळसा खाणीतल्या माणसाला १.२५ टक्के मिथेन हा आकडा तोंडपाठ असतो, कारण त्याच्यावर गेलं की वीज बंद करावी लागते. तोच मिथेन फोर-गॅस मीटरवर २५ दिसेल. वेकोलितून निवृत्त होऊन कारखान्यात सेफ्टीचं काम करणाऱ्या माणसाला आणि फायर ब्रिगेडच्या जवानाला एकाच ड्रिलमध्ये उभं केलं, तर "किती आहे?" या प्रश्नाला दोघं वेगवेगळं उत्तर देतात आणि दोघंही बरोबर असतात. हे सरावातच निस्तरलेलं बरं.

मग खराच वायू थोडासा सोडला तर काय बिघडलं? हा प्रश्न अधूनमधून कोणीतरी विचारतंच. हायड्रोजन सल्फाइडचंच घ्या. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १०० पीपीएमला 'जीवाला तातडीचा धोका' अशी पातळी ठरवली आहे. साधारण त्याच पातळीला नाकाची वास घेण्याची शक्ती मरते. सुरुवातीला येणारा सडक्या अंड्यांचा वास अचानक थांबतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. क्लोरीनसाठी हीच पातळी १० पीपीएम आहे. 'थोडासा' किती हे मैदानावर हाताने ठरवता येत नाही. वारा पडला, खड्डा खोल निघाला, कोणाला दमा असला, की हिशेब कोलमडतो. नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ वापरून फक्त ऑक्सिजन कमी करू, ही कल्पना वरवर निरुपद्रवी वाटते, पण तीही तितकीच वाईट आहे. एक किलो कोरड्या बर्फातून सुमारे ५०० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेहून जड असतो आणि खड्ड्यात बसून राहतो. सराव म्हणून उतरलेला माणूस तिथं खराच बेशुद्ध पडेल.

हल्ली एक सोपी युक्ती बऱ्याच ठिकाणी दिसते. सॅनिटायझरचा बोळा मीटरजवळ धरला की आकडे उड्या मारतात. मारतात, हे खरं आहे. अल्कोहोलच्या वाफेने पेटणाऱ्या वायूचा सेन्सर वर जातो आणि कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सरही फसतो. पण यातून जवान शिकतो ते चुकीचं, कारण कुठल्याच खऱ्या गळतीत आकडे असे वागत नाहीत. वर सेन्सरवर नको तो भार पडतो. काही सॅनिटायझरमध्ये आणि क्रीममध्ये सिलिकोन असतं, आणि पेटणारा वायू मोजणाऱ्या उत्प्रेरक सेन्सरला सिलिकोन म्हणजे विषच. सेन्सर मरतो आणि पडद्यावर निवांत शून्य दाखवत राहतो. सरावासाठी खरा मीटर निकामी करून ठेवणं मला अजिबात पटत नाही.

खऱ्या वायूला एकच रीतसर जागा आहे, ती म्हणजे बंप टेस्ट, म्हणजे मीटर वायू ओळखतो की नाही याची छोटी तपासणी. कॅलिब्रेशनच्या (मीटर जुळवून घेण्याच्या) छोट्या सिलिंडरमध्ये बेताचं मिश्रण असतं. उदाहरणार्थ हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम, मिथेन ५० टक्के एलईएल, ऑक्सिजन १८ टक्के आणि बाकी नायट्रोजन. रेग्युलेटर मिनिटाला अर्धा लिटर वायू सोडतो आणि तो मीटरवर बसवलेल्या टोपीतून थेट सेन्सरवर जातो. ही टेस्ट सेफ्टी ऑफिसरने खोलीत एकट्याने उरकण्याऐवजी उघड्या, हवेशीर जागी सगळ्या जवानांसमोर करावी, प्रत्येकाच्या हातात त्याचा स्वतःचा मीटर देऊन. अलार्मचा आवाज, हाताला जाणवणारी थरथर, लाल दिव्याची उघडझाप याची ओळख तिथं होते. मुख्य म्हणजे आकडा हळूहळू चढतो हे डोळ्यांनी दिसतं. बहुतेक सेन्सरना खऱ्या आकड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचायला १५ ते ३० सेकंद लागतात. पहिल्या पाच सेकंदांत दिसलेला आकडा वाचून "काही नाही, चला" म्हणणारा जवान याच टेस्टमध्ये सुधारतो.

पण बंप टेस्ट म्हणजे ड्रिल नव्हे. ड्रिलसाठी खोटे आकडे दाखवायचे तीन-चार मार्ग आहेत. सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे कागद. ट्रेनर मागं मागं चालतो आणि जवानाने मीटरची हवा ओढणारी नळी जिथं धरली तिथलं कार्ड दाखवतो. दुसरा मार्ग मोबाइल किंवा टॅब्लेटचा. पडद्यावर फोर-गॅस मीटरसारखं चित्र, आणि ट्रेनर दुसऱ्या फोनवरून आकडे बदलतो. तिसरा, खऱ्या मीटरच्या आकाराचा, वजनाचा, तसाच आवाज करणारा पण आत सेन्सर नसलेला सराव-मीटर, रिमोटवर चालणारा. आणि सर्वात महाग मार्ग असा की गळतीच्या जागी छोटा रेडिओ किंवा अल्ट्रासाउंडचा स्रोत लपवायचा, आणि जवान जसजसा जवळ जाईल तसतसा मीटर आपोआप वर चढतो. तिथं ट्रेनरचं बोट रिमोटवर लागत नाही, त्यामुळे त्याला माणसांकडे बघायला मोकळीक मिळते. पैसे असतील तर जरूर घ्यावा. पण महागड्या यंत्रावर विसंगत आकडे दाखवण्यापेक्षा कार्डावर लिहिलेले विचारपूर्वक आकडे केव्हाही चांगले. सगळा कस लागतो तो आकड्यांची पटकथा लिहिताना.

या पटकथेत सर्वात जास्त चुका ऑक्सिजनच्या बाबतीत होतात. हवेत उपरा वायू शिरला की तो सगळ्यांनाच थोडं थोडं हटवतो. शंभर पानांची पंगत बसली आहे आणि पाच उपरे येऊन बसले, तर घरची पाच माणसं उठणार. त्यातला एक ऑक्सिजन, बाकीचे चार नायट्रोजन. म्हणून ऑक्सिजन २०.९ वरून २०.४ वर आला, म्हणजे फक्त अर्धा टक्का उतरला, तर उपरा वायू असू शकतो सुमारे २.४ टक्के, म्हणजे २४ हजार पीपीएम. मीटरचा ऑक्सिजन अलार्म यावर वाजणारसुद्धा नाही. पण तो उपरा वायू विषारी असेल तर २४ हजार पीपीएम कितीतरी पटींनी प्राणघातक आहे. अलार्मची वाट न बघता २०.४ ला थांबणारा जवान मला तयार झालेला वाटतो. ऑक्सिजन उतरण्याचं दुसरंही कारण असतं. बंद टाकीत गंज, गटारात जिवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात. तेव्हा उपरा वायू नसतानाही आकडा खाली जातो. कारण कोणतंही असो, तो का उतरला हे कळेपर्यंत पुढं जायचं नाही.

हाच हिशेब पटकथा लिहिणाऱ्यालाही बांधून ठेवतो. मिथेन ४० टक्के एलईएल दाखवायचा असेल तर हवेत तो २ टक्के आहे, मग ऑक्सिजन २०.५ च्या आसपास दाखवायला हवा. त्याच वेळी ऑक्सिजन १६ दाखवला तर त्याचं कारण पटकथेत असलं पाहिजे. उलट, हायड्रोजन सल्फाइड ५० पीपीएम झाला तरी ऑक्सिजन जागचा हलणार नाही, कारण ५० पीपीएम म्हणजे हवेच्या मानाने काहीच नाही. ट्रेनरने घाबरवण्यासाठी चारही आकडे एकदम लाल केले की हुशार जवान मनात हसतो आणि त्या क्षणापासून ड्रिल हे नाटक होतं.

एलपीजीची गळती असेल तर आणखी एक पेच आहे. मीटर बहुधा मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असतो. जड वायूंना त्याचा सेन्सर कमी प्रतिसाद देतो. पडद्यावर १० दिसले तर प्रत्यक्षात दीडपट ते दुप्पट असू शकतं. शिवाय एलपीजी हवेहून दीड ते दोन पट जड. तो गटारात, तळघरात, वाहनाखाली जाऊन बसतो. कंबरेच्या उंचीवर मीटर धरून चालणाऱ्याला शून्य दिसेल आणि घोट्यापाशी २५ असतील. म्हणून प्रत्येक जागेसाठी तीन उंचींचे तीन आकडे लिहावेत, आणि जवानाने वाकून नळी खाली धरली तरच खालचा आकडा द्यावा. मैदानावर हे असं घडतं:

"सर, एलईएल शून्य."

"कुठं धरला होता?"

"इथं… छातीपाशी."

"गॅस कोणता सांगितलाय?"

"एलपीजी." थोडा वेळ थांबून जवान गुडघ्यावर बसतो, नळी जमिनीलगत नेतो. ट्रेनर दहा मोजतो, मग आकडा देतो. "सर, अठरा! मागं घेऊ का सगळ्यांना?"

तो जो प्रश्न शेवटी आला त्यासाठी सगळा खटाटोप. आणि ट्रेनरने मोजलेले ते दहा सेकंदही महत्त्वाचे. पंप आणि नळीने हवा ओढणाऱ्या मीटरमध्ये नळीच्या दर फुटाला एक ते दोन सेकंद जातात. पंधरा फुटांची नळी मॅनहोलमध्ये सोडली तर हवा वर यायलाच १५ ते ३० सेकंद, त्यापुढे सेन्सरचा वेळ. सराव-मीटरने बटण दाबताच आकडा दाखवला तर आपण जवानाला घाई शिकवतो.

मॅनहोलच्या ड्रिलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडे यात माणसं अजूनही मरतात. माणसाला संरक्षणाशिवाय गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि मीटर ही त्या संरक्षणाची पहिली पायरी. पटकथा अशी लिहावी: झाकणापाशी सगळं ठीक. पाच फुटांवर ऑक्सिजन २०.६, बाकी शून्य. दहा फुटांवर ऑक्सिजन १९.८, हायड्रोजन सल्फाइड ४. अजून एकही अलार्म नाही. पुष्कळ जण इथं म्हणतात, चालतंय. मग ट्रेनर काठीने तळ ढवळायला सांगतो, आणि आकडा ४ वरून ६० वर उडी घेतो. खऱ्या गटारात हेच होतं. गाळात अडकलेला वायू पाय पडताच सुटतो. वरून घेतलेलं रीडिंग शांत गाळाचं असतं, उतरलेल्या माणसाला भेटतो तो ढवळलेला गाळ. हा एक प्रसंग नीट अनुभवलेला कामगार पुढं सहकारी आत कोसळलेला दिसला तरी तसाच उडी मारणार नाही, अशी मला आशा आहे. एकामागोमाग वाचवायला गेलेली माणसंही अशा अपघातांत जातात.

काही वेळा मात्र सराव-मीटरने शून्यच दाखवायला हवा. अमोनियाचं शीतगृह घ्या. फोर-गॅस मीटरमध्ये अमोनियाचा सेन्सर नसतो. अमोनिया पेटायला हवेत सुमारे १५ टक्के, म्हणजे दीड लाख पीपीएम लागतो, आणि जीवाला धोका मात्र ३०० पीपीएमला. म्हणजे जीवाला धोका व्हावा इतका अमोनिया असला तरी एलईएलचा आकडा हलणार नाही, ऑक्सिजनही नाही. डोळे चुरचुरताहेत आणि मीटर म्हणतो सगळं ठीक. अशा वेळी "सर, शून्य आहे, पण हा मीटर अमोनिया बघतच नाही, वेगळा सेन्सर हवा" असं म्हणता आलं पाहिजे. क्लोरीनचंही तसंच. मीटर ज्याच्यासाठी बनला आहे तेवढंच तो सांगतो. हे वर्गात शंभर वेळा सांगून जे होत नाही ते शून्य दाखवणाऱ्या एका ड्रिलमध्ये होतं. पीआयडी नावाच्या मीटरची गंमतही तिथंच कळते. बेंझीनसारख्या वाफा तो टिपतो, पण मिथेन त्याला दिसत नाही.

उलट टोकाची एक स्थितीही दाखवावी. उत्प्रेरक सेन्सर वायू जाळूनच मोजतो, आणि जळायला ऑक्सिजन लागतो. वायू फार झाला आणि ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या खाली गेला तर सेन्सरचा आकडा चढण्याऐवजी घसरतो. चांगले मीटर अशा वेळी 'ओव्हर रेंज' दाखवून अडकून राहतात. जुना मीटर मात्र शून्याकडे येऊ शकतो. ९५ वरून अचानक ४ वर आलेला आकडा बघून कोणी "कमी झाला" म्हणालं, तर ड्रिल तिथंच थांबवून बोलावं.

हवामान पटकथेत धरायलाच हवं. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, जमीन तापलेली, हवा वर उसळणारी. वायू लवकर विरळ होतो, रीडिंग अस्थिर असतं, एका पावलावर १५ तर पुढच्यावर २. डिसेंबरच्या पहाटे उलट. थंड हवेचा थर जमिनीला चिकटून असतो, वारा पडलेला, आणि जड वायू खालीच पसरत दूरवर जातो. भोपाळची रात्र २-३ डिसेंबर १९८४ ची होती, हे लक्षात असू द्यावं. ड्रिल नेहमी सकाळी अकराला, चहानंतर होतात. निदान एखादी पहाटे घ्या, आणि आकडे पहाटेचे लिहा. बहुतेक मीटर ५० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनलेले असतात. उन्हात उभ्या केलेल्या जीपच्या डॅशबोर्डवर तो ठेवला की ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

आता दुसरी बाजू, म्हणजे खोटा मीटर खोटाच राहील याची काळजी. सराव-मीटर खऱ्याच्या जितका जवळचा, तितका तो जास्त धोकादायक. त्याला भडक रंगाची पट्टी हवी, त्यावर ठळक 'फक्त सरावासाठी' हवं, दोन्ही बाजूंनी, हातमोज्यातूनही दिसेल असं. एकाच गाडीत खरा आणि खोटा मीटर शेजारी ठेवू नये. ड्रिल सुरू होण्याआधी आणि संपल्यावर सराव-मीटर मोजावेत, एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत कोणी घरी जाऊ नये. ही कडक शिस्त वाटेल, पण आत सेन्सर नसलेला मीटर घेऊन कोणी खऱ्या टाकीत उतरला तर त्याला कोणीच सावध करणार नाही.

मैदानावर एक खरा, बंप टेस्ट केलेला मीटर चालू असलाच पाहिजे, आणि तो ड्रिलमध्ये भाग न घेणाऱ्या सेफ्टी ऑफिसरच्या हातात. खरी टाकी, खरा मॅनहोल वापरत असाल तर याला पर्याय नाही, कारण सरावाची जागा खरोखर सुरक्षित आहे का हे सराव-मीटर सांगू शकत नाही. वायरलेसवरचा प्रत्येक संदेश "सराव, सराव" म्हणून सुरू व्हावा. आणि खरंच काही घडलं तर वापरायचं एक वाक्य आधी ठरवून सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घ्यावं. "सराव थांबवा, हे खरं आहे" इतकं साधं वाक्य पुरतं. ते ऐकताच सगळे सराव-मीटर जमिनीवर ठेवायचे. शेजारच्या कारखान्यांना, पोलिसांना आणि अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूमला आधी कळवलेलं असावं, नाहीतर सायरन ऐकून कोणीतरी १०१ फिरवतो आणि खरी गाडी सरावाच्या मागं धावते.

मोबाइलवरच्या ॲपबद्दल इथंच सांगून टाकतो. पेट्रोलियमच्या धोक्याच्या क्षेत्रात वापरायचं विजेचं उपकरण ठिणगी पडणार नाही अशा रचनेचं आणि पेसोची मान्यता असलेलं लागतं. साधा फोन तसा नसतो. म्हणजे सरावासाठी म्हणून मोबाइल-मीटर घेऊन चालू टँक फार्ममध्ये (साठ्याच्या टाक्यांच्या आवारात) किंवा टँकर भरण्याच्या जागी फिरणं हे स्वतःच नियमभंग आहे आणि धोकाही. असा सराव मोकळ्या मैदानात, नाहीतर पूर्ण रिकामी व स्वच्छ करून घेतलेल्या जागेत करावा.

ड्रिलनंतर रजिस्टरमध्ये सहसा वेळ लिहिली जाते: सायरन इतक्या वाजता, सगळे जमले इतक्या मिनिटांत. त्यासोबत आणखी चार रकाने वाढवावेत. कोणतं रीडिंग दिसलं, कोणत्या उंचीवर, ते वाचून किती वेळ थांबले, आणि काय ठरवलं. हे लिहायला मागं एक माणूस नेमावा, ट्रेनरला ते जमणार नाही. मग सगळ्यांना सावलीत बसवून तो कागद वाचावा. चूक कोणाची झाली हे न सांगता फक्त आकडा आणि निर्णय वाचला तरी चर्चा आपोआप रंगते: "अठराला मागं फिरलात, पण वाऱ्याच्या दिशेनेच का गेलात?" त्या चर्चेतून पुढच्या ड्रिलचे आकडे निघतात. कारखान्यात नवा साठा आला असेल, रसायन बदललं असेल, तर कार्डंही बदलावी लागतात.

शेवटी सामान आवरताना खऱ्या मीटरची पुन्हा बंप टेस्ट करावी, कारण दिवसभर तो धुळीत आणि उन्हात होता. मगच तो कपाटात जावा. सराव-मीटर दुसऱ्या कपाटात, वेगळ्या कुलपात, आणि किल्ली ट्रेनरकडे.